इथे तो थांबतो

जून लागला की आमच्या सुपरमार्केटच्या दारातच एक नवी फळी उभी राहते. मी तिला बापांची फळी म्हणते. 'जगातला सर्वोत्तम डॅड' असं छापलेले मग, बिअरची खोकी, बार्बेक्यूचे चिमटे, मोज्यांचे जोड आणि ढीगभर कार्डं. कार्डांवरचे विषय गेल्या वीस वर्षांत बदललेले नाहीत: गोल्फ, बिअर आणि सोफ्यावर घोरणारा माणूस. बाप नावाच्या माणसाचा या देशाने एवढाच अभ्यास केलेला दिसतो. यंदाही फळी लागली. मी दूध आणि कोथिंबीर घ्यायला गेले होते, आणि तिच्यासमोर उभी राहून माझं डोकं फिरलं. दर जूनला फिरतं. ट्रॉली घेऊन मागे अडकलेली एक बाई तीनदा "सॉरी" म्हणाली. वाट मी अडवलेली आणि माफी ती मागत होती. मी बाजूला झाले.

आता त्या फळीवर सीड्या नसतात. तेव्हा असत. बापांना संगीत कळतं, पण नवीन काही कळत नाही, असं गृहीत धरून त्या काढलेल्या असत. सगळ्यांचं नाव साधारण एकच: अमक्याची 'ग्रेटेस्ट हिट्स'. वीस गाणी, वर हसरा फोटो, सोनेरी अक्षरं. त्यातलीच एक सीडी मी एका जूनमध्ये उचलली आणि एका शहाण्या माणसाला वेडं ठरवायला हातभार लावला. गायकाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तो अमेरिकेतला, कंट्री म्युझिक गाणारा, मोठी टोपी घालणारा. त्याचा यात काही दोष नाही. उलट तोही लुबाडलेलाच निघाला, पण ते पुढे.

दोन हजार पाच-सहाचे दिवस. मी आणि माझा नवरा विनय एडिनबरामध्ये राहत होतो, दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. विनय एका बँकेसाठी सॉफ्टवेअर तपासायचा. मी विमा कंपनीत होते, तक्रार विभागात. लोक चिडून पत्रं लिहायचे आणि मी त्यांना शांतपणे कळवायचे की तुमची तक्रार योग्य असली तरी पॉलिसीच्या मागच्या पानावर, खाली, बारीक अक्षरांत आम्ही हे आधीच सांगितलेलं आहे. माझं पोट बारीक अक्षरांवर चालायचं. हे लक्षात ठेवा, कारण मला ते विसरता येत नाही.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी माझे सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बाबा रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म अजनीच्या रेल्वे कॉलनीत आणि मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेला. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या, म्हणून आम्हीच आग्रहाने बोलावलं. बाबा बोलायला सावकाश. काही विचारलं की आधी थांबत, खिडकीबाहेर बघत, मग उत्तर देत. ते उत्तर मात्र पक्कं असे. "गार्डानं घाईत झेंडी दाखवायची नसते," असं ते मला एकदा म्हणाले होते. तेव्हा मला ते फार आवडलं होतं. दोन महिन्यांनी तेच थांबणं मी लक्षण म्हणून मोजायला लागले.

बाबांचं गाणं म्हणजे एकच गाणं. कॉलनीत त्यांच्या शेजारी डेन्झिल नावाचा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि रविवारी दुपारी, मटण शिजेपर्यंत, तो या टोपीवाल्याची रेकॉर्ड लावायचा. मराठी गार्ड, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि अमेरिकेतला गवई. रेल्वे कॉलनीत हे कुणालाच विचित्र वाटायचं नाही. त्यातलं एक गाणं आडबाजूच्या छोट्या स्टेशनवर कंदील घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं. त्याची बायको गाडीने परत येणार असते. गाड्या येतात, जातात. शेवटच्या कडव्याच्या आधी गायकाचा आवाज भरून येतो आणि तो थांबतो. वाजवणारे बिचारे एक अख्खं आवर्तन तसंच वाजवत राहतात, त्याची वाट बघत. मग तो पुन्हा सुरू करतो, हळू. डेन्झिल सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियाला निघून गेला, रेकॉर्ड घेऊन. त्यानंतर तीस वर्षं बाबांनी ते गाणं कुठेही ऐकलेलं नव्हतं, फक्त स्वतःच्या तोंडून. रोज सकाळी दाढी करताना ते म्हणत. त्या जागेला आले की रेझर गालावरून उचलत, आरशात बघत गप्प उभे राहत, आणि डाव्या हाताच्या बोटांवर ताल मोजत.

"इथे तो थांबतो," ते मला एकदा म्हणाले. मी दात घासायला ताटकळत दारात उभी होते.

"कशाला थांबतो, बाबा?"

"आता कशाला म्हणजे? आवाज निघत नाही त्याचा." मग रेझर पुन्हा गालाला. "माणूस आहे तो."

मे महिना ठीक गेला. गडबड सुरू झाली ती उजेडाने. स्कॉटलंडच्या जूनमध्ये सूर्याला घरी जायचं नसतं. पहाटे चारला खिडकीत लख्ख ऊन. बाबा उठायचे, दाढी करायचे, चहा करायचे आणि इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार बसायचे. संध्याकाळी दुसरी तऱ्हा. दिवेलागणी झाल्याशिवाय जेवायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम, आणि इथे दिवे लागायची वेळ येता येत नाही. आम्ही सातला ताटं वाढायचो आणि ते म्हणायचे, "एवढ्यात? अजून दिवस आहे की." एकदा फिरायला गेले आणि परतताना शेजारच्या इमारतीत शिरून दुसऱ्या मजल्यावरच्या दुसऱ्याच दाराला किल्ली लावत बसले. आमच्या रस्त्यावरची सगळी दारं एकाच रंगाची होती हे तेव्हा कुणी विचारात घेतलं नाही. एकदा गॅसवर दूध ठेवून विसरले. मला दोनदा वनिता म्हणाले. वनिता माझी नणंद, त्यांची मुलगी.

आता आम्ही काय करावं? सुशिक्षित माणसं करतात तेच केलं. विनयने एक्सेल शीट उघडली.

खोटं सांगत नाही. तारीख, वेळ, घटना, आणि शेवटच्या रकान्यात गांभीर्य: हाय, मीडियम, लो. ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका तो तशाच नोंदवायचा. "मीनल, आय थिंक वी नीड डेटा," तो मला म्हणाला. "नुसतं वाटतंय म्हणून चालत नाही ना." त्याचा आवाज घाबरलेला होता. आई अचानक गेली तेव्हा तो इथे होता, पोचायला दोन दिवस लागले होते. बापाच्या बाबतीत तो काहीच सुटू देणार नव्हता. म्हणून मी त्याला बोलले नाही. उलट माझ्या वाटणीच्या नोंदी मी केल्या. 'पहाटे चारला पूर्ण कपड्यांत बसलेले. मीडियम.' हे माझं टायपिंग. ज्या माणसाने तीस वर्षं उजाडलं की ड्यूटी धरली, तो उजाडल्यावर तयार होऊन बसला याची नोंद मी चूक म्हणून केली. बाप माणूस आहे, प्रोग्रॅम नाही, हे सांगायला त्या घरात कुणीच नव्हतं. मीही नव्हते.

अशात फादर्स डे आला. फळीवर ती सीडी दिसली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, तो आठवला तरी आता लाज वाटते. मागच्या बाजूला गाण्यांची यादी होती. चौदावं गाणं कंदिलाचं. मी कार्डसुद्धा घेतलं, गोल्फवालं, कारण घोरणारा माणूस बरा दिसला नसता.

बाबांनी चष्मा लावून यादी वरून खालपर्यंत बोटाने वाचली. चौदावर बोट थांबलं. त्या दिवशी ते जसे हसले तसे सासूबाई गेल्यापासून हसलेले मी पाहिले नव्हते. "अरे, आहे की!" म्हणाले. "लाव, विनय, पहिल्यापासून लाव. मधेच नको. डेन्झिल मधेच लावू द्यायचा नाही."

पहिलं गाणं सुरू झालं आणि बाबांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्याला त्यांनी मान हलवली. तिसरं अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाले, "हा तो नाही."

"तोच आहे, बाबा," विनय म्हणाला. "हे बघा ना, नाव आहे. फोटो आहे."

"फोटो त्याचाच आहे. हा तो नाही."

विनयने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला चांगलं आठवतं, कारण मीही त्याच्याकडे तसंच पाहिलं. चौदावं गाणं लागेपर्यंत बाबा पुतळ्यासारखे बसून होते. कंदील आला, स्टेशन आलं, गाड्या आल्या, गेल्या. बाबांनी डावा हात उचलला, बोटं उघडली. "इथे तो..." म्हणाले. आणि गायक थांबला नाही. सरळ, खणखणीत, शेवटच्या कडव्यात शिरला. बाबांचा हात तसाच वर राहिला.

"थांबला नाही हा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, लहान आवाजात, "मीनल, हा थांबला काहून नाही?"

मी काय बोलले असेन? "असू दे बाबा, खूप वर्षं झाली ना, होतो गोंधळ," असं म्हणाले. त्यांची समजूत काढत होते मी! संध्याकाळी शीट उघडली आणि लिहिलं: 'आवडतं गाणं ओळखत नाहीत. हाय.'

पुढच्या रविवारी शिरीष आला. शिरीष आमचा मित्र, पुण्याचा, इथल्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर. "ऑफिशियल काही नाही हं काका, जस्ट गप्पा," असं म्हणत त्याने पोहे खाल्ले आणि बॅगेतून छापील कागद आणि पेन्सिल काढली. डायनिंग टेबलावर, माझ्या घरी, माझ्या सासऱ्यांची परीक्षा सुरू झाली. इंग्रजीत. मी चहा गाळत ऐकत होते.

"काका, सध्या कुठला सीझन चालू आहे?"

बाबा थांबले. खिडकीबाहेर बघितलं. बाहेर समुद्राकडून धुकं चढलेलं होतं आणि पाऊस लागलेला होता, इथला तो बारीक, आडवा. आठ दिवस तो तसाच लागलेला होता.

"रेनी सीझन," बाबा म्हणाले.

शिरीषने पेन्सिलीने शून्य लिहिलं. त्याच्या कागदावर चारच ऋतू होते आणि त्यांत पावसाळा नव्हता. पुण्यात जन्मलेला, पुण्यात शाळेत गेलेला हा माणूस, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ज्याने बारा वर्षं दप्तरावर रेनकोट घातला असेल, त्याने नागपूरच्या माणसाला जूनमध्ये पावसाळा म्हटल्याबद्दल शून्य दिलं! मग त्याने घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी मन लावून काढलं, बाहेर एक ते बारा आणि आत तेरा ते चोवीस, रेल्वेचं घड्याळ. शिरीष त्या घड्याळाकडे बराच वेळ बघत होता. मग तिथेही त्याने पेन्सिलीने शून्य टेकवलं.

"इट्स अर्ली डिमेन्शिया," जाताना तो दारात हळू म्हणाला. "पण इथे काही झालं ना, तर प्रॉब्लेम होईल. व्हिजिटर व्हिसा आहे, इन्शुरन्सवाले हात वर करतील. घरी, ओळखीच्या माणसांत राहू दे त्यांना."

विम्यावाले हात वर करतील हे तो मला सांगत होता. ते हात माझेच होते. मी मान डोलावली.

जुलैच्या मध्यात आम्ही बाबांना परत पाठवलं, तीन महिने आधी. त्यांनी एकदाही हुज्जत घातली नाही. नीट कपडे घडी करून भरले. सीडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही राहू दे. ऐकली की माझ्यातलं बिघडतं." एअरपोर्टवर विनय ट्रॉली आणायला गेला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मी नक्की चुकलो ना गं?"

"वय झालं की होतं असं, बाबा," मी म्हणाले.

या एका वाक्याचा राग मला अजून येतो. माणसाचं सामान हरवलं तर एअरपोर्टवर खिडकी असते, तिथे जाऊन भांडता येतं. मी त्यांच्याकडून त्यांची खात्री काढून घेतली, आणि तेही प्रेमाने, पाठीवर हात ठेवून. प्रेमाने केलेल्या गोष्टींची तक्रार कुठल्या खिडकीवर करायची?

नागपूरहून वनिताचे फोन येत. बाबांनी स्कूटरची किल्ली तिच्याकडे दिली होती. चौकातल्या रिटायर्ड रेल्वेवाल्यांच्या बाकावर जाणं सोडलं होतं, कारण तिथे जुन्या गोष्टी निघतात आणि आपण चुकीचं बोललो तर, म्हणे. काही सांगायच्या आधी ते आता विचारून घेत: आज मंगळवारच ना? हा शेजारचा विजूच ना? "आणि वहिनी," वनिता म्हणाली, "दाढी करताना गात नाहीत आता. बाथरूम इतकं शांत असतं की मला भीती वाटते, मी दार वाजवते."

सप्टेंबरात मी कपाट आवरायला काढलं. जुने स्वेटर, न वापरलेले मग, सगळं चॅरिटी शॉपला द्यायच्या पिशवीत टाकत होते. सीडी हातात आली. सवयीने उलटी केली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्या उन्हात, गाण्यांच्या यादीच्या खाली, बारकोडच्या शेजारी, राखाडी कागदावर राखाडी शाईत, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ दिसली. या संग्रहातली गाणी मूळ गायकाने नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आहेत.

मी ती ओळ चार वेळा वाचली. मग त्या पिशवीवरच बसले.

म्हणजे तो तो नव्हता. गळा त्याचा, पण वयाच्या सत्तरीतला. पुढे शोधल्यावर कळलं की हा सर्रास चालणारा धंदा आहे. माणूस तरुणपणी गातो, ते गाणं जुन्या कंपनीच्या मालकीचं होतं. मग नव्या कंपनीला स्वस्तात सीडी काढायची असली की ती त्याच माणसाला म्हातारपणी पुन्हा उभा करते आणि तीच गाणी एका दमात गाऊन घेते. स्वतःच्या तरुण आवाजावर त्या बिचाऱ्याचाही हक्क नाही! त्याला कुणी सांगितलं असेल, हे थांबणंबिंबणं काढून टाका, स्टुडिओचं भाडं चढतंय. आणि वर सोनेरी अक्षरांत 'ग्रेटेस्ट हिट्स'. कुणाची ग्रेटेस्ट? ज्या गाण्याचा जीव त्या एका जागेत होता, ती जागाच कापून, बाकीचं चकचकीत करून, बापांच्या दिवसाला बापांना विकलं. आणि एका बापाने ते पहिल्या तीन गाण्यांत ओळखलं. तीस वर्षं ऐकलेलं नसताना! खोलीत तिघे होतो. त्यांतला एक व्यवसायाने चुका शोधणारा, दुसरी व्यवसायाने बारीक अक्षरं वाचणारी. खरं काय ते फक्त तिसऱ्याला कळलं, आणि 'हाय'ची नोंद त्याच्या नावावर पडली.

मी कंपनीला पत्र लिहिलं. आयुष्यात एवढं चांगलं इंग्रजी मी कधी लिहिलेलं नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वेळ काढून कळवल्याबद्दल आभार, तुमची निराशा आम्ही समजू शकतो, तथापि ही माहिती मागील बाजूस स्पष्टपणे छापलेली आहे. ते 'तथापि' मी दोनदा वाचलं. ते पत्र मीच लिहिल्यासारखं होतं. अक्षर न अक्षर. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावरच्या ढिगातलं पहिलं पत्र उघडलं, कुणा म्हाताऱ्याचं, थरथरत्या अक्षरातलं, आणि मला 'तथापि' टाइप करता येईना. वर्षभरात मी ती नोकरी सोडली.

विनयला सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडला, ती शीट डिलीट करायला निघाला. "काढू नकोस," मी म्हणाले. "तुमच्यात काय लिहितात, चूक चूक नसली की?"

"क्लोज्ड. नॉट अ बग."

"तेच लिही. प्रत्येक ओळीवर." तो लिहीत गेला. मधेच चष्मा काढून डोळे पुसत होता. शिरीषला फोन केला तर तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं, पण ओव्हरऑल स्कोअर बघायला हवा." मी फोन ठेवला. ओव्हरऑल! बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि शेवटच्या आजारात सलाईन बदलायची वेळ झाली की नर्सला स्वतःच आठवण करून द्यायचे.

पण ते पुढचं. तेव्हा मी नागपूरला फोन लावला आणि धावतपळत सगळं सांगितलं: बारीक अक्षरं, नवं रेकॉर्डिंग, तुम्ही बरोबर होता, आम्ही चुकलो. पलीकडे बाबा थांबले. मग म्हणाले, "जाऊ दे, मीनल. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. वनिता पण सांगते असंच काही काही."

"नाही हो बाबा, खरंच..."

"आता नाही राहत माझ्या लक्षात. मी ते मान्य केलंय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं.

आमच्या खालच्या मजल्यावर मॉरीन नावाची सत्तरीची विधवा राहायची. शनिवारी तिच्या दारातून असलीच टोपीवाली गाणी यायची, आणि आतापर्यंत मी जिना चढताना त्यांवर फक्त वैतागले होते. मी सीडी घेऊन तिचं दार वाजवलं. तिने चष्मा न लावताच ती माझ्या हातात परत दिली. "हे होय? हे म्हातारपणी पुन्हा गायलेलं. माझ्या नवऱ्याने आणलं आणि त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं. कंदिलाच्या गाण्यात थांबतसुद्धा नाही तो!"

मी तिच्या गळ्यात पडले. स्कॉटिश बाईच्या गळ्यात असं पडत नाहीत, पण तिने चालवून घेतलं. तिच्याकडे मूळ रेकॉर्ड होती. नवऱ्याची, कव्हरला चहाचा डाग पडलेली.

रविवारी दुपारी आम्ही दोघी तिच्या बैठकीत बसलो. मी कॉलिंग कार्डाचे आकडे खरवडून तिच्या फोनवरून नागपूर लावलं. "बाबा, काही बोलू नका. नुसतं ऐका," म्हणाले, आणि रिसीव्हर अर्धा माझ्या कानाला, अर्धा स्पीकरकडे असा धरला. मॉरीनने सुई ठेवली. खरखर, मग गिटार. आवाज कोवळा होता, जवळजवळ पोरगेला. मलासुद्धा कळलं. कुणालाही कळलं असतं, ऐकायचं ठरवलं असतं तर. कंदील आला. स्टेशन आलं. गाड्या आल्या, गेल्या.

आणि तो थांबला.

वाजवणारे वाजवत राहिले. मॉरीनने डोळे मिटले होते. माझ्या कानात नागपूरहून, अगदी हळू, बाबांचा आवाज येत होता: एक, दोन, तीन, चार. चार म्हणून होताच गायकाने पुढचा शब्द उचलला. दोघं तसूभरही चुकले नाहीत.

गाणं संपलं. सुई कडेला जाऊन घासत राहिली. मॉरीन ती उचलायला उठली नाही. फोनमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मी या वेळी वाट बघितली.

"मीनल," बाबा म्हणाले. आवाज वेगळा होता. डब्याचं दार उघडं टाकून गेलेल्या यार्डातल्या खलाशाला ते असेच बोलत असतील. "तो तुमचा डॉक्टर. शिरीष."

"हो, बाबा."

"त्याला फोन लाव. त्याला म्हणावं, जूनमध्ये पावसाळाच असतो. आणि गार्डाच्या घड्याळात तास चोवीसच असतात." ते थांबले. मीही थांबले. "लिहून घे म्हणावं. पेन्सिलीने नाही. पेनाने."